सह्यांचा संग्रह पुढच्या पिढीकडे सोपवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादी ऑटोग्राफची वही सापडतेच. या गावात कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर राहत होते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला वक्ते येत. १९४२, २००५ आणि २०२१ साली इथे साहित्य संमेलनं भरली. ज्यांनी धावपळ करून या सह्या घेतल्या, त्यांतले अनेकजण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वही मुलांकडे जाईल, पण वहीमागची माहिती आपोआप जाणार नाही. ती आजच लिहून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्या दृष्टीने लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सही स्पष्ट वाचता येते. मग वेगळं लेबल कशाला?

तुम्हाला वाचता येते, कारण ती कुणाची हे तुम्हाला आधीच माहीत आहे. नाशिककर शिरवाडकरांना तात्यासाहेब म्हणत. वडिलांनी पानाच्या कडेला नुसतं ‘तात्यांची सही’ असं लिहून ठेवलं असेल, तर नातवाने काय समजायचं? भगूरचे सावरकरही तात्याराव होते. दोघांच्या सहीत गल्लत होणार नाही, पण ज्याला दोन्ही नावं पुसटशीच ठाऊक आहेत त्याने शोध कुठून सुरू करायचा?

टोपणनावांचंही तेच. सही ‘कुसुमाग्रज’ अशी असेल तर लेबलवर वि. वा. शिरवाडकर हे नाव हवं, आणि सही ‘शिरवाडकर’ अशी असेल तर कुसुमाग्रज हवं. ‘ग्रेस’ म्हणजे माणिक गोडघाटे, ‘आरती प्रभू’ म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. आपल्याला हे सांगावं लागत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पणतीला सांगावं लागेल. गायिका, अभिनेत्री, लेखिका यांची लग्नाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही नावं लिहा. माणिक वर्मांची जुनी सही हाती आली, तर ती माणिक दादरकर या नावाने असू शकते.

आणि मोडी! पणजोबांच्या काळच्या कागदांवर मोडीत सह्या असतात. घरात मोडी वाचणारं कुणी उरलं असेल तर आजच त्यांच्याकडून वाचून घ्या आणि बाळबोध लिपीत खाली लिहा. नसेल तर मोडीच्या जाणकाराला दाखवा. हे काम पुढे ढकलू नका.

लेबलवर नेमकं काय काय लिहायचं?

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आहे: नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेला माणूस त्यात नाव, गाव, सोबत कोण होतं, साल काय, हे लिहून सही करतो. पुढे त्याचा पणतू येतो तेव्हा गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढून पणजोबांचं अक्षर त्याच्यापुढे ठेवतात. तुमच्या संग्रहातल्या प्रत्येक सहीला हेच हवं: कुणाची, कुठे, कधी, कुणी घेतली, आणि घेणाऱ्याच्या हातून तुमच्याकडे कशी आली.

लेबल साधारण असं दिसेल:

क्र. ०३१. कुसुमाग्रज (वि. वा. शिरवाडकर), कवी व नाटककार, नाशिक. ऑटोग्राफ बुकचं गुलाबी पान, निळी शाई. त्यांच्या राहत्या घरी, १९८५ च्या सुमारास, गुढीपाडव्याच्या आसपास. घेणारी: आई (तेव्हा एच. पी. टी. कॉलेजात). आईकडून मला २०१९ साली. माहिती आईने सांगितली, मी लिहिली, ऑगस्ट २०२४.

शेवटच्या ओळीकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते तीच फार मोलाची. माहिती कुणी सांगितली आणि कधी लिहिली, यावरून पुढचा माणूस तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो. तारीख नक्की नसेल तर ‘सुमारास’ लिहा. अंदाजाची तारीख ठामपणे लिहिली की ती पुढे कुणी तपासत नाही.

जुन्या कागदावर साल शकात (शके अमुक असं) असेल तर ते तसंच उतरवा आणि पुढे इसवी सन लिहा. शकात ७८ मिळवायचे: शके १८६४ म्हणजे १९४२. फक्त जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. साल नेहमी चार आकडी लिहा. ‘४७’ म्हणजे कोणत्या शतकातलं, हा प्रश्न शंभर वर्षांनी खरोखर पडेल.

हे सहीच्या कागदावरच पेनने लिहिलं तर चालेल का?

पेनने नको, आणि समोरच्या बाजूला तर काहीच नको. पाठीमागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने फक्त क्रमांक लिहा. कागद काचेसारख्या कडक पृष्ठभागावर ठेवा आणि हात हलका ठेवा, म्हणजे समोर वळ उठत नाहीत. बाकी मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर किंवा ज्या पाकिटात कागद ठेवणार त्यावर लिहा. पाकिटावर आधी लिहायचं आणि मग कागद आत सरकवायचा. आत कागद असताना वरून लिहिलं तर अक्षरांचे वळ सहीवर उमटतात.

चिकटणारी लेबलं, पिवळ्या स्टिकी चिठ्ठ्या, सेलोटेप, स्टेपलरची पिन, टाचणी, रबरबँड यांतलं काहीही मूळ कागदाला लावू नका. सेलोटेपचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग पडतो आणि पुढे तो काढणं जवळजवळ अशक्य होतं. टाचण्या एकदोन पावसाळ्यांतच गंजतात.

फोटोवर सही आहे. पाठीमागे पेन्सिल उमटतच नाही.

अलीकडच्या रंगीत फोटोंच्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, म्हणून उमटत नाही. जोर लावू नका. माहिती पाकिटावर लिहा. बॉलपेनने फोटोच्या पाठीवर लिहिलं तर समोरून खड्डे दिसतात, आणि थप्पीतल्या खालच्या फोटोला शाई लागते.

ऑटोग्राफ बुकची पानं सुटी करून विषयवार लावू का?

कृपा करून नको. वहीतला क्रम हाच पुरावा आहे. एका पानावर मे महिन्यातल्या वक्त्याची सही तारखेसह आहे आणि पुढच्या तीन पानांवर तारखा नाहीत. तरी शाई तीच, पेन तेच, तर त्या सह्या त्याच हंगामातल्या असण्याची शक्यता मोठी. पान फाडलं की हे सगळं तुटतं. गुलाबी, पिवळी, पोपटी पानं तशीच राहू द्या. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पानक्रमांक घाला आणि सूची वेगळी करा. विषयवार मांडणी सूचीत हवी तितकी करता येते.

वहीत मधूनच वर्गमैत्रिणींच्या ओळी असतात: ‘विसरू नकोस’, खाली नाव आणि बदलापूर की येवला असं गावाचं नाव. त्या पानांनाही क्रमांक द्या. त्या कोण, पुढे कुठे गेल्या, हे माहीत असेल तर तेही लिहा. मोठ्या माणसाच्या सहीची माहिती कुठून ना कुठून मिळवता येते, पण या मुलींची माहिती फक्त तुमच्या घरातच मिळेल.

क्रमांक कसे द्यावेत?

००१ पासून सरळ, जसजशी वस्तू हाती येईल तसे. क्रमांकात विषय, साल, व्यक्तीचं आद्याक्षर असं काही कोंबू नका. पुढे ओळख चुकीची निघाली तर क्रमांकही खोटा ठरतो. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, पहिली विकली किंवा हरवली तरी. सूचीत तिथे ‘दिली’, ‘विकली’, ‘सापडत नाही’ असं लिहा.

सूची वहीत करू की कॉम्प्युटरवर?

दोन्हीकडे करा. बांधीव लांब वही घ्या, कारण सुटे कागद विस्कटतात. कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये तोच तक्ता करा आणि दरवर्षी, दिवाळीच्या सफाईच्या वेळी म्हणा हवं तर, त्याची छापील प्रत काढून वहीत ठेवा.

मराठी टाइप करताना युनिकोडच वापरा. जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपी फाँटमध्ये केलेल्या याद्या आज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता गिचमिडीचा पसारा दिसतो. अशी जुनी यादी घरात असेल आणि तिची छापील प्रत असेल तर ती जपा, आणि यादी युनिकोडमध्ये पुन्हा करा.

सह्यांचे फोटो किंवा स्कॅन काढाल तर फाइलचं नाव वस्तूच्या क्रमांकाने सुरू करा: ०३१-समोर, ०३१-मागे. मागची बाजू विसरू नका. पाठीवरचा दुकानाचा शिक्का, कुणाची तरी टीप, कागदाची जात, हे सगळं मागेच असतं. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय पुरे.

आईला (किंवा वडिलांना) आता फारसं आठवत नाही. काय करू?

प्रश्नांची यादी घेऊन बसू नका. वही त्यांच्या हातात द्या, एकेक पान उलटू द्या आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. ‘ही कधी घेतली?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘तेव्हा आपण कुठे राहत होतो? सोबत काका होते का? कोणती साडी होती?’ असं विचारलं की भद्रकालीतली खोली आठवते, धाकट्या भावाचा जन्म आठवतो, आणि त्यावरून साल निघतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त ताण देऊ नका. रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात कागदावर उतरवा आणि मूळ आवाजही जपून ठेवा. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, नावासह.

सूचीचं सगळं काम बाजूला राहिलं तरी चालेल, पण हे एक आधी करा.

सही खरी आहे की नाही याची खात्री नाही. ती काढून टाकू?

काढू नका, शंका लिहून ठेवा. सिनेनटांकडून टपालाने आलेल्या फोटोंवरच्या सह्या पुष्कळदा छापलेल्या असतात. भिंगातून पाहिलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या सहीत शाई वर बसलेली असते, बॉलपेनचा चर असतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते. काही सह्या रबरी शिक्क्याच्या असतात, काही सचिवांनी केलेल्या. लेबलवर ‘छापील सही’, ‘शिक्का असावा’, ‘खात्री नाही, कारण...’ असं सरळ लिहा. असं लिहिलेला संग्रह पुढच्या माणसाला जास्त विश्वासाचा वाटतो, आणि बाकीच्या सह्यांनाही त्याचा फायदा होतो.

घरातली सांगोवांगी तपासण्यासारखी असेल तर तीही जोडा. गांधीजी सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जात. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत त्या महिन्यात पाच रुपयांची तशी नोंद सापडली, तर ते पान सहीच्या जोडीला ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे.

पत्रातली फक्त सही कापून अल्बममध्ये लावली तर सुटसुटीत होईल ना?

पूर्वी असं करत. आता करू नका. पोस्टकार्डावर मजकूर असतो, पत्ता असतो, तिकीट असतं, टपालाचा शिक्का असतो; तारीख आणि गाव सिद्ध करायला याहून चांगलं काही नाही. पाकीटही पत्राबरोबर ठेवा. भारताची टपाल तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आपल्या नाशिकरोडला आहे. तिकिटांची किंमत निदान या गावाला तरी वेगळी सांगायला नको.

आधीच कापलेल्या सह्या असतील तर तसं लेबलवर नोंदवा.

ठेवायचं कशात? अल्बम, लॅमिनेशन, फ्रेम?

लॅमिनेशन कधीच नको. ते परत काढता येत नाही. चिकट पानांचे, वर पातळ प्लास्टिक असलेले जुने फोटो अल्बमही नकोत. वास येणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, नाहीतर आम्लविरहित कागदाची. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, तो कागद आम्लधर्मी असतो आणि शेजारच्या कागदालाही पिवळा करतो. संबंधित बातमीचं कात्रण जपायचं असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा.

फ्रेम करायचीच असेल तर चांगल्या रंगीत प्रतीची करा आणि मूळ कागद अंधारात ठेवा. उजेडाने स्केचपेन आणि मार्करची शाई आधी उडते, मग फाउंटन पेनची. उडालेली शाई परत आणता येत नाही.

डांबरगोळ्या थेट पेटीत टाकू नका. कसर आणि वाळवी टाळायची तर कपाट भिंतीपासून थोडं पुढे घ्या, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नका आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून पाहा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या बदलत राहाव्या लागतात. नुसत्या ठेवून विसरलेल्या पुड्या काही कामाच्या नाहीत.

आम्ही गावठाणात, नदीजवळ राहतो.

मग संग्रह तळमजल्यावर ठेवूच नका. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीला मोठे पूर आले. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की सराफ बाजार, भांडी बाजाराकडे पाणी सरकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. जूनपासून पेटी वरच्या मजल्यावर हवी. आणि पेटी एकट्या माणसाला उचलता येईल इतक्याच वजनाची ठेवा. एक मोठी ट्रंक भरण्यापेक्षा तीन लहान पेट्या बऱ्या. सूचीची प्रत आणि स्कॅन दुसऱ्या घरी, उंच भागात राहणाऱ्या बहिणीकडे वगैरे, ठेवून द्या.

भिजलंच तर चोळू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. धुऊन जाणारी निळी शाई ओल्या बोटानेही पसरते. पानं चिकटली असतील तर ओढून सोडवू नका. सुटे कागद पांढऱ्या टिपकागदावर पंख्याच्या हवेत, पण थेट झोताखाली नाही, सावलीत वाळवा आणि खालचा कागद बदलत राहा. दोन दिवसांत सगळं वाळवणं जमणार नसेल तर उरलेलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही आणि तज्ज्ञाकडे नेईपर्यंत वेळ मिळतो.

बॅटवर संपूर्ण संघाच्या सह्या आहेत. लेबल कसं करायचं?

बॅटीचा समोरून फोटो काढून मोठा छापून घ्या. त्या छापील प्रतीवर प्रत्येक सहीशेजारी आकडा लिहा आणि खाली आकड्यानुसार नावं. वाचता न आलेल्या सहीलाही आकडा द्या; पुढे कुणी ओळखेल. रणजी सामन्याच्या वेळी गोल्फ क्लब मैदानावर घेतलेल्या सह्या असतील तर त्या सामन्याच्या दोन्ही संघांची नावं धावफलकातून उतरवून घ्या, त्यावरून उरलेल्या सह्या लागत जातात. क्रमांकाचा टॅग सुती नाडीने दांड्याला सैलसर बांधा. बॅट भिंतीवर, खिडकीसमोर टांगू नका.

किंमत लिहून ठेवावी का?

विकत घेतली असेल तर पावती जपा आणि खरेदीची किंमत सूचीत लिहा. आजची अंदाजी किंमत लेबलवर नको. ती बदलते, आणि वारसांमध्ये वाद लावून देते.

मुलांना यात रस नाही. कुणाकडे द्यावं?

मुलांना एकदा सूचीसकट दाखवा. नुसती वही पाहून न वाटलेली ओढ कधीकधी आजीची गोष्ट ऐकल्यावर वाटते. तरीही नको असेल तर त्यांच्यावर लादू नका.

संस्थेला द्यायचं असेल तर आधी जाऊन बोला. नाशिकमध्ये १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे. संस्था सगळंच स्वीकारेल असं नाही. जागा, माणसं, विषय यांच्या मर्यादा असतात, त्याचा राग मानू नये. जाताना पेटी नेऊ नका, सूची न्या. काय स्वीकारणार, कुठे ठेवणार, अभ्यासकांना पाहता येईल का, पुढे संस्थेला नको झालं तर तुमच्या घरी विचारणार का, हे दानपत्रात लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. कुणालाही न कळवता दारात गठ्ठा ठेवून येणं म्हणजे तो रद्दीत जाण्याची तयारीच.

मृत्युपत्रात उल्लेख करायला हवा का?

हवा. ‘माझ्या सर्व चीजवस्तू’ या शब्दांत संग्रह हरवून जातो. ‘सूचीतील क्र. ००१ ते २१४’ असा उल्लेख करा आणि सूचीची तारीख लिहा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात; नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. साक्षीदार ज्याला काही मिळणार नाही असा निवडावा. आणि सूची कुठे ठेवली आहे हे घरातल्या निदान दोघांना तोंडी सांगून ठेवा.

आमच्याकडे मोठ्या लेखकाचं पत्र आहे. ते फेसबुकवर टाकू किंवा पुस्तकात छापू शकतो का?

कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्यानंतर त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर आपल्याकडे त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हा हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या अशा मजकुराचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या पत्रासाठी मात्र ही ६० वर्षं ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून मोजतात. छापायचं तर परवानगी घ्या, आणि परवानगीचं पत्र त्याच क्रमांकाच्या पाकिटात ठेवा. खाजगी पत्रात तिसऱ्या कुणाच्या आजारपणाचा, भांडणाचा उल्लेख असेल तर परवानगी मिळूनही थांबावं, असं माझं मत आहे. तसं पाकिटावर लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मालकही विचार करेल.

लेक अमेरिकेत असते. संग्रह तिच्याकडे पाठवता येईल?

अलीकडच्या सह्यांचा प्रश्न सहसा येत नाही. पण १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरातन वस्तू ठरू शकतं, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ‘आजोबांचंच तर पत्र आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला मागता येतो. जुने कागद इथेच, भावाकडे किंवा संस्थेकडे ठेवा आणि लेकीला संपूर्ण सूची, स्कॅन आणि आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पाठवा. सूचीत प्रत्येक क्रमांकापुढे ‘नाशिकला’ किंवा ‘लेकीकडे’ अशी नोंद करा.